सटवा पेंटरनं काढलेली छावणी

सटवा पेंटर मूळचा नेकनूरचा. आईबापाची आधीची लेकरं जगली नव्हती, म्हणून सटवाईला नवस बोलून झालेल्या या पोराचं नाव सटवा ठेवलं. शाळेत पोरं त्यावरून चिडवायची. मोठा झाल्यावर त्यानं तेच नाव चित्राखाली ठसठशीत लिहायला सुरुवात केली. कुणी विचारलं तर म्हणायचा, "सटवाई कपाळावर लिहिती, ते कुनालाच वाचता येत न्हाई. मी थोबाड काढतो, ते शेंबड्या पोराला बी कळतं."

बीडच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत त्याचं दुकान. दुकान म्हणजे पत्र्याचं एक शेड. बाहेर रंगाचे डबे आणि सुकत ठेवलेल्या पाट्या. किराणा, दवाखाना, कोचिंग क्लास, ट्रकची मागची फळी, निवडणुकीतल्या भिंती, सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. फ्लेक्स आले तशी हाताच्या अक्षरांची किंमत गेली. महिना महिना कुणी पाटी रंगवायला येईना. त्या दिवसांत 'दैनिक माळरान'चे संपादक राधाकिशन त्याच्याकडं आले आणि म्हणाले, "सटवा, तू भिंतीवर पुढाऱ्यांची थोबाडं सुंदर करून काढतोस. आता आमच्यासाठी हायेत तशी काढ."

तेव्हापासून पहिल्या पानाच्या तळाशी सटवाची चौकट यायला लागली. लोक बातमी नंतर वाचायचे, आधी पेपर खालून उघडायचे. नळाला पाणी कधी आलं नाही, एकाच पुलाचा नारळ कोणाकोणाच्या हातून फुटला, टँकर गावाऐवजी कोणाच्या मोसंबीच्या बागेत शिरला, हे सगळं त्या चौकटीत होतं. कोर्टातले वकील गमतीनं म्हणायचे, की जिल्ह्याचं गॅझेट सरकारकडं आहे, पण खरं पाहिजे असेल तर सटवाला विचारा.

चित्र छापायला जाण्याआधी पहिल्यांदा बघायचा कलीम. कलीमची फळांची वखार सटवाच्या शेडला लागूनच, आणि मंडईत विक्रीचा एक गाळा. दोघं मिसरूड फुटल्यापासूनचे दोस्त. कलीम केळीच्या घडावरून हात पुसत यायचा, कागद लांब धरायचा आणि म्हणायचा, "नाक आजून लांब कर बे. मानूस त्याच्यापरीस लबाड हाय."

मग दुष्काळाचं ते साल आलं. बोअर आटले, बाजारात जनावरं मातीमोल झाली. जागोजागी चारा छावण्या पडल्या. त्यातली नेकनूरच्या वाटेवरची सगळ्यात मोठी छावणी मोहनरावांची. मोहनराव म्हणजे तीन-चार शिक्षणसंस्था, एक दूध संघ, ताब्यातली मंडई आणि दारात कायम उभ्या असलेल्या गाड्या. त्यांच्या छावणीत कागदावर जनावरं मावत नव्हती आणि दावणीला त्यांतली चौथाईही दिसत नव्हती. सरकारी कडब्याचे ट्रक छावणीच्या फाटकातून आत जायचे आणि मागच्या बाजूनं भरलेलेच निघून जायचे. हे सगळ्यांना दिसत होतं. बोलत कुणी नव्हतं.

सटवानं ते काढलं. गव्हाणीला दाव्यानं बांधलेले मोहनराव, डोळ्यावर काळा गॉगल, तोंडात कडबा. बाहेर खुर्च्यांवर बरगड्या निघालेल्या गाई-बैल ओळीनं बसलेले, पुढ्यात रिकाम्या पत्रावळी. एक म्हातारी गाय शेजारणीला सांगत होती, "साहेबाचं उरकू द्या, मग आपली पंगत."

त्या दिवशी 'माळरान'चा अंक दुपारपर्यंत संपला. हॉटेलात चित्र भिंतीला चिकटवलं. लोक एकमेकाला ताट वाढताना "साहेबाचं उरकू द्या" म्हणायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-साडेदहाला जीप आली. "साहेबांनी बोलावलंय. चित्र आवडलं त्यांना." सटवाच्या हातात ब्रश होता, तो ठेवू दिला नाही. कलीमनं बघितलं, वखार उघडीच टाकली आणि मोटारसायकल जीपच्या मागं घातली.

छावणीत चारा वाटप चालू होतं. शे-दोनशे शेतकरी ओळीत उभे. कडुनिंबाखाली मोहनराव वेताच्या खुर्चीत, पायावर पाय टाकून. त्यांच्या बाजूला राधाकिशन उभे होते. त्यांना आधीच उचलून आणलं होतं.

"या कलाकार," मोहनराव म्हणाले. आवाज अगदी घरच्यासारखा. "चित्र झकास हाय. पन एक चूक राहिली. मी कडबा खाताना तुमी कधी बघितलंत?"

सटवा हातातल्या ब्रशकडं बघत राहिला.

"न बघता काढलं की जबडा चुकतो. मानूस कडबा खाताना कसा दिसतो, ते आज शिकून घ्या."

दोघांनी सटवाला गव्हाणीपाशी गुडघ्यावर बसवलं. एकानं कडब्याचा एक हातभर वाळका धांडा त्याच्या तोंडात घातला. तिसऱ्यानं मोबाइल काढला. ओळीतले काही लोक हसले. मोहनरावांनी त्यांच्याकडं बघितलं, तसे आणखी काही हसले. राधाकिशन हात जोडून उभे राहिले, कुणाला जोडले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आख्खा धांडा संपेपर्यंत सटवाला उठू दिलं नाही. मोहनरावांनी मध्येच घड्याळ बघितलं, कारण पुढं एक लग्न होतं.

कलीम लांब, फाटकापाशी उभा होता. येताना दोघं एकाच मोटारसायकलवर आले.

घरी विमलबाईंनी नवऱ्याचे फाटलेले ओठ बघितले. त्यांनी विचारलं तेव्हा सटवानं एवढंच सांगितलं, "त्यांनी तोंडात घातलं, मी थुंकलो." संध्याकाळपर्यंत मोबाइलवरची ती फिल्म गल्लीत सगळ्यांकडं पोचली होती. शेजारच्या बाया विमलबाईंना बघितलं की मोबाइल पदराआड धरायच्या.

आणि सकाळी 'माळरान'च्या पहिल्या पानावर चौकटीत सटवाच्या नावानं माफी छापून आली.

सटवा तसाच प्रेसवर गेला. "भाऊ, मी कवा माफी मागितली?"

"तू न्हाई, मी मागितली," राधाकिशन खाली बघत म्हणाले. "तुझं पत्र्याचं शेड हाय रे. माझी मशीन जळली तर आठ घरं उपाशी बसतील."

"मग तुमच्या नावानं मागायची व्हती."

सटवा घरी येऊन भिंतीकडं तोंड करून झोपला. कामाला गेला नाही, जेवला नाही. दोन-तीन दिवस असे गेल्यावर विमलबाईंनी त्याच्या अंगावरची चादर ओढली. त्या आवाज न चढवता बोलल्या, म्हणूनच ते त्याला लागलं.

"मी सकाळपासून त्याला शिव्या देती. त्याचं वाटुळं व्हवो, त्याच्या दारात कुत्रं न येवो. मला शिव्या येत्यात. तुमाला चित्र येतं. उठा. रडून त्याला काय व्हनार हाय?"

सटवा उठला. परत राधाकिशनांकडंच गेला, कारण बीडभर वाचला जाणारा कागद तोच होता. म्हणाला, "नाव कुनाचंच लिहिनार न्हाई. कुनी केस करू शकनार न्हाई. पन मी काढीन ते जसंच्या तसं छापायचं." राधाकिशनांच्या मानेवर माफीचं ओझं होतं. त्यांनी मान हलवली.

त्यानंतर सटवाच्या चौकटीत रोज कुठंतरी एक काळ्या गॉगलचा माणूस असायचा, आणि त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात कडब्याचा धांडा. विषय खड्ड्यांचा असो, परीक्षेतल्या कॉपीचा असो, विमा कंपनीचा असो, माणूस कधी गर्दीत मागं उभा, कधी झाडावर, कधी टँकरच्या टाकीतून डोकं काढून बघणारा. धांडा मात्र कायम. लोकांना नाद लागला. पेपर आला की पोरं आधी धांडा शोधायची. मोहनराव कुठल्या लग्नात पंगतीला बसले की त्यांच्या पानाशेजारी कुणीतरी गुपचूप एक धांडा ठेवून जायचं. एकदा शाळेच्या कार्यक्रमात ते भाषणाला उभे राहिले तर मागच्या रांगेतून हंबरल्याचा आवाज आला आणि आख्खं मैदान खिदळलं.

सटवाला हे सगळं कळायचं. तो ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी धांडा थोडा जास्त लांब काढायचा. झोपेतसुद्धा त्याचा जबडा हलायचा, असं विमलबाई सांगतात.

पुढं आमदारकीची निवडणूक आली आणि मोहनराव पडले. थोडक्यात नाही, चांगलेच पडले. विरोधकांनी मिरवणुकीत कडब्याची पेंढी काठीला बांधून नाचवली. सटवानं पेढे वाटले नाहीत. भर दुपारी तो मोहनरावांच्या बंगल्यासमोरच्या टपरीवर जाऊन बसला. बंगल्याचं फाटक बंद, दारात एकही गाडी नाही. तो सावकाश चहा प्यायला. मग आणखी एक मागवला. टपरीवाला म्हणाला, "आज लई वेळ बसलात, पेंटर." सटवा म्हणाला, "बघू दे. पोट भरंना."

पण मोहनराव कच्च्या गुरूचे चेले नव्हते. पुढच्या निवडणुकीला त्यांनी डाव फिरवला. पहिल्याच सभेला ते बैलगाडीतून आले. खांद्यावर कडब्याची पेंढी, डोळ्यावर तोच गॉगल. माईक हातात घेऊन म्हणाले, "सटवानं मला बैल केलं. हाव, हाय मी बैल! तुमच्या शेताचा बैल! औत मलाच वढायचं हाय!" आणि पेंढीतला धांडा उपसून लोकांदेखत कराकरा चावला. मैदान टाळ्यांनी फुटलं. प्रचाराच्या फ्लेक्सवर सटवाचीच चित्रं, त्याला न विचारता मोठी करून छापलेली. ज्या फ्लेक्सनं त्याचा धंदा खाल्ला, त्यानंच आता त्याचा रागही खाल्ला.

मोहनराव निवडून आले. बंगल्याच्या हॉलमध्ये त्यांनी सटवाची चित्रं काचेच्या फ्रेमा करून लावली. मुंबईचे पाहुणे आले की कौतुकानं दाखवायचे, "आमच्यावर टीका करनाऱ्याला बी आमी भिंतीवर जागा देतो."

सटवा काढत राहिला, पण हात जड झाला. ज्या रेघेनं रक्त निघायचं तिनं आता गुदगुल्या होत होत्या. कलीम कागद हातात घ्यायचा आणि न बोलता परत द्यायचा.

त्यातच मोहनरावांच्या वाढदिवसाचं आमंत्रण आलं. शाल, श्रीफळ, 'जिल्ह्याचे निर्भीड व्यंगचित्रकार' म्हणून सत्कार. आणायला राधाकिशनच आले. विमलबाई म्हणाल्या, "जाऊ नका." सटवा म्हणाला, "जातो. माईक हातात येईल. हजार मानसांसमोर एकदा त्याच्या तोंडावर बोलतो."

माईक त्याच्या हातात आलाच नाही. मोहनरावांनी स्वतः शाल घातली, खांद्यावर हात टाकला, तो दाबूनच धरला, आणि बोलायला सुरुवात केली.

"हा आमचा सटवा. लोकांना वाटतं आमचं वैर हाय. आवं, छावणीत आमी दोघांनी एका गव्हाणीत कडबा खाल्लाय! मी इचारलं, सटवा, कसा लागतो? तर हा म्हनतो, साहेब, गोड!"

सगळे हसले. सटवा समोर बघत होता. हसणाऱ्यांतले बरेचसे त्या दिवशी छावणीत नव्हतेच, त्यांचं त्याला काही वाटलं नाही. पण पुढच्या दोन रांगांत ओळखीचे चेहरे होते, त्या दिवशी ओळीत उभे असलेले. ते हसत तर होतेच, वर एकमेकाकडं बघून माना डोलवत होते, जणू त्यांनाही ते तसंच आठवत होतं. मोबाइलवरची फिल्म केव्हाच पुसली गेली होती. लोकांनी फोन बदलले होते. त्या दिवसाचं आता एवढंच उरलं होतं, दोन मित्रांची गंमत.

सटवानं शाल स्टेजवरच्या खुर्चीवर ठेवली आणि पायऱ्या उतरून चालता झाला. पाठीमागं मोहनराव म्हणाले, "लाजला!" पुन्हा हशा.

दुसऱ्या दिवसापासून तो एकाच चित्राला बसला. गॉगलवाला बैल नाही, बोलणारी गाय नाही, खाली ओळ नाही. छावणी जशी होती तशी. कडुनिंब, खुर्ची, गव्हाण, मोबाइल धरलेला हात. ओळीतल्या माणसांचे चेहरे त्यानं एकेक आठवून काढले. कोण दात दाखवून हसला, कोण मोहनरावांकडं बघून मग हसला, कुणी टोपी सारखी केली. एवढ्या वर्षांत त्यातला एकही चेहरा तो विसरला नव्हता. दिवसा येता-जाता बाजारात, स्टँडवर, देवळात ती माणसं भेटायची, राम राम करायची आणि हा राम राम घ्यायचा. आता त्या प्रत्येक राम रामाचा हिशेब तो कागदावर चुकता करत होता. विमलबाईंनी एकदा डोकावलं आणि म्हणाल्या, "हे तर आपल्या गल्लीतले हायेत." सटवा म्हणाला, "मग?"

राधाकिशनांनी चित्र टेबलावर पसरलं. बराच वेळ बघितलं.

"सटवा, हे कार्टून न्हाई. यात हसायचं कुठं?"

"तवा हसलेत की समदे. तेवढं पुरं."

राधाकिशनांचं बोट कागदावर फिरत फिरत खुर्चीशेजारच्या माणसापाशी आलं. हात जोडलेला, चष्मा घसरलेला. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि चित्राची गुंडाळी केली. "हे मला छापता यायचं न्हाई."

"तुमी हायेत म्हणून?"

"मी हाय म्हणून," राधाकिशन म्हणाले. निदान त्या दिवशी ते खोटं बोलले नाहीत.

सटवा गुंडाळी घेऊन शेडवर आला. कलीम वखारीच्या दारात होता. त्यानं सवयीनं हात पुढं केला. सटवा क्षणभर थांबला, मग दिली. कलीमनं कागद उलगडला, लांब धरला. फाटकापाशी तो स्वतः होता. मान खाली, नजर जमिनीवर.

"मला बी काढलंस."

"व्हतास, म्हणून काढलं."

"व्हतो." कलीम चित्रावरून नजर काढत नव्हता. "पन मान खाली कावून घातलीस मपली? मी बघत व्हतो, सटवा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मान खाली घातली असती तर लाज तरी दिसली असती. दुरुस्त कर हे."

सटवाला वाटलं हा टोमणा आहे. पण कलीमचा चेहरा तसा नव्हता.

"आन दुसरं," कलीम म्हणाला. "तू इथं सोताचे दात आवळलेले काढलेत. मोठा मर्द. तू गिळलंतंस बे. चावून चावून गिळलंतंस. मी बघितलंय."

सटवानं त्याची कॉलर धरली. केळीचा घड खाली आला, खोकी सांडली, समोरचा रिक्षावाला धावत आला. सटवा ओरडत होता, "तू बोलनार मला? फाटकाला टेकून उभा राहनारा तू?" कलीमनं हात वर केला नाही. धाप लागेपर्यंत सटवा त्याला भिंतीला रेटत राहिला, आणि मग एकदम सोडून खाली खोक्यावर बसला.

"थुंकलो असतो तर त्यांच्या हातात दुसरा धांडा तयार व्हता," तो म्हणाला. "म्हनलं, गिळून टाकू, उरकंल लवकर."

"मग तसंच काढ. यात एक रेघ जरी खोटी सापडली तर मोहनराव म्हनंल, बघा, हे बी त्यानं मनानंच काढलं, हे बी गंमतच. मपला धंदा तवा बी त्याच्याच मंडईत व्हता, म्हणून मी गप बसलो. आजून बी तिथंच हाय." कलीमनं कॉलर सारखी केली. "त्यो पेपर न छापू दे. मपल्या वखारीची भिंत घे. रस्त्याला तोंड हाय तिचं."

भिंत मोठी होती. सटवानं आधी पांढरा हात दिला, मग बांबूची परांची बांधली आणि दिवसाउजेडी कामाला लागला. कित्येक वर्षांत हाताला एवढी मोठी भिंत मिळाली नव्हती. पहिल्या दिवशी कडुनिंब आणि खुर्ची उभी राहिली तेव्हाच लोकांना कळलं काय येतंय ते. रस्त्यावर गर्दी थबकायला लागली. आपला चेहरा येतोय का, म्हणून काही जण लांबून बघून जायचे. परमेश्वर नावाचा नेकनूरकडचाच एक शेतकरी परांचीखाली येऊन हात जोडून उभा राहिला.

"सटवाभाऊ, मला नका काढू. पोरीचं लग्न ठरलंय, पावने येत्यात बीडला."

"तुमी हसलतात का न्हाई?"

"हसलतो. साहेब बघत व्हता, मग काय करू? जनावरं त्याच्या दावनीला व्हती मपली."

"मग हसतानाच काढतो," सटवा म्हणाला आणि ब्रश रंगात बुडवला. परमेश्वर थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. विमलबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या गरिबाला तरी सोडायचं." सटवा म्हणाला, "मला सोडलं का कुनी?" तो कुणालाच सोडायला तयार नव्हता. राधाकिशनांचे जोडलेले हात त्यानं इतके बारकाईनं काढले की अंगठीसुद्धा ओळखू यावी. कलीमचे डोळे त्यानं सताड उघडे काढले. स्वतःला काढायला मात्र त्यानं सगळ्यात जास्त वेळ लावला. गुडघ्यावर बसलेला, गाल फुगलेला, गळ्याची घाटी वर आलेली. घास उतरताना येते तशी.

भिंत संपत आली तेव्हा सिदू नावाचा एक म्हातारा काठी टेकत आला. त्यानं चित्र या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं आणि कुरकुरला, "मी न्हाई यात. तुला बादलीतून पानी पाजलं ते मी. त्यांनी मला शिव्या दिल्या तवा."

सटवा परांचीवर तसाच उभा राहिला. हसणारे सगळे त्याला आठवले होते. पाणी देणारा आठवला नव्हता. तो खाली उतरला, म्हाताऱ्याला समोर खोक्यावर बसवलं आणि त्याच दुपारी गव्हाणीच्या बाजूला बादली घेतलेला सिदू काढला.

चित्राखाली फक्त नाव होतं. सटवा.

लोक रांगा लावून बघायला आले. कुणी हसलं नाही. बाया आपापली माणसं शोधायच्या आणि सापडली की पदर तोंडाला लावायच्या. ज्यांचे चेहरे होते त्यांतल्या काहींनी सटवाशी बोलणं टाकलं, एकानं रंगाचे डबे नाल्यात ओतले, दोघं-तिघं येऊन निमूट उभे राहिले आणि गेले. फोटो मुंबईपर्यंत गेले. बाहेरच्या पेपरांनी छापल्यावर राधाकिशनांना छापल्याशिवाय गत्यंतर राहिलं नाही. त्यांनी पूर्ण भिंत छापली, स्वतःसकट.

मोहनराव एका सकाळी स्वतः आले. गाडीतून उतरले, गॉगल काढला आणि भिंतीकडं बघत राहिले. भिंतीवरचे मोहनराव बैल नव्हते, तोंडात धांडा नव्हता. पायावर पाय टाकून बसलेला एक माणूस, मनगटावरचं घड्याळ बघणारा.

"या खेपेला बैल कावून न्हाई केलं मला?"

"बैल केलं की तुमी सुटता," सटवा म्हणाला.

मोहनरावांनी आवाज खाली आणला. "किती दिवस राग धरायचा मानसानं? वय झालं दोघांचं."

"मी हाय तवर धरतो. पुढचं भिंत बघंल."

चार दिवसांनी विनापरवाना रंगकाम म्हणून भिंतीला चुना मारायला माणसं आली. कलीमला मंडईतली गाळ्याची जागा सोडावी लागली. फोटो तोवर घरोघरच्या मोबाइलमध्ये बसले होते, त्यांना चुना लागत नव्हता. पुढच्या सभेत मोहनरावांनी नेहमीसारखी पेंढी उचलली, धांडा उपसला आणि चावला. कुणी टाळी वाजवली नाही. एवढ्या मोठ्या मैदानात त्यांच्या चावण्याचा आवाज माईकवर ऐकू आला. मागून एक बाई ओरडली, "सटवाला चारला तसा आमाला बी चारा की!" मोहनरावांनी धांडा तोंडातून काढला. तो कुठं ठेवावा हे त्यांना कळेना. त्यानंतर त्यांनी पेंढीला हात लावला नाही, आणि पुढं निवडणुकीला पुतण्याला उभं केलं. हॉलमधल्या फ्रेमा काढल्या, असं बंगल्यावर भांडी घासणारी विमलबाईंना सांगत आली.

कलीम आता रस्त्यावर हातगाडी लावतो. दोघांत पूर्वीसारखी थट्टा होत नाही. पण चित्र झालं की सटवा कागद घेऊन गाडीवर जातो आणि कलीम तो लांब धरून बघतो.

ही हकिगत लिहून काढताना मी एकदा सटवाला विचारलं, एवढं करून समाधान झालं का? चार घरं तुटली, कलीमचा गाळा गेला. तो म्हणाला, "कलीमच्या गाळ्याचं वाईट वाटतं. बाकी लई गोड वाटलं. खोटं कावून बोलू?"

मागच्या श्रावणात तो आणि विमलबाई कपिलधारला गेले होते. धबधब्याला पाणी होतं, दर्शनाची रांग लांबलचक होती. रांगेत पुढं, दोन वळणं सोडून, मोहनराव उभे होते. संगतीला एकच माणूस. त्यांनी सटवाला बघितलं आणि उपरणं तोंडावर ओढून कठड्याकडं तोंड केलं. आजूबाजूच्या लोकांनी ते बघितलं आणि का ते त्यांना समजलं. विमलबाईंनी नवऱ्याचा हात ओढला, "देवाच्या दारात हायेत आपण. नका बघू."

सटवा बघतच राहिला. रांग सरकेपर्यंत, डोळे बारीक करून, पेंटर बघतो तसं. मग म्हणाला, "गाल बसलेत. कानापाशी कातडं लोंबतंय. आता काढताना तसं काढायला पायजे."